ठिपकीच्या जागी

माझी धाकटी जाऊ महिन्याच्या सामानात बिनसायीच्या दुधाच्या पावडरीचं एक पाकीट जास्तीचं आणते. ते आमच्या घरात कधी फुटत नाही. दोन दिवस ओट्यावर असतं, मग तिच्या पिशवीतून तिच्याबरोबर कामावर जातं. ती नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा मला वाटलं, माहेरी कुणाला तरी देत असेल. विचारायचं कसं म्हणून मी गप्प राहिले. शेवटी एकदा तिनंच सांगितलं, "वहिनी, ते आमच्या ताटल्यांना पाजायला लागतं. ऑफिसातून मागवलं तर यायला दीड महिना."

माझा दीर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "बघा वहिनी, ताटल्यांना दूध आणि नवऱ्याला कोरा चहा."

दीर मोटार चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्याच्या. धाकटी लहान मुलांच्या एका मोठ्या इस्पितळात, मागच्या बाजूच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. ती वरच्या मजल्यावर, मी खालच्या, पण स्वयंपाकघर एकच. त्यामुळे तीस वर्षांत तिच्या कामातलं बरंच काही माझ्या कानावरून गेलं आहे. गणित शिकवून शिकवून माझं डोकं चौकोनी झालेलं. कळलं नाही तर मी पुन्हा विचारते, आणि तीही न कंटाळता पुन्हा सांगते.

तिची एक सवय आधी सांगायला हवी. ती दार वाजवत नाही. कडी बोटानं धरून हळूच सोडते, चपला हातात घेऊन जिना चढते. ती कामावरून आली हे आम्हाला ती ओट्यापाशी उभी दिसली की कळतं. पहिल्या पहिल्यांदा मी दचकत असे. ही सवय तिला सशांनी लावली. नोकरीला लागली ती सशांच्या खोलीत, आणि ससे दाराच्या आवाजाला फार भितात. भ्यालेला ससा दोन दिवस खात नाही.

ससे कशासाठी, तर तपासणीसाठी. मुलांच्या मूत्रपिंडाचा एक विरळा आजार आहे. त्यात मुलाच्या लघवीत एक प्रथिन उतरतं. ते ओळखायचं तर त्याला नेमकं धरणारं काहीतरी हवं. त्या प्रथिनाचा अंश सशाला टोचला, की सशाच्या रक्तात त्याला धरणारे प्रतिपिंड तयार होतात. सगळे त्यांना अँटीबॉडीच म्हणतात. मग कानाच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं आणि त्यातलं पाणी वेगळं काढून गोठवून ठेवायचं. तपासणीच्या वेळी नमुना ताटलीच्या खळग्यात ठेवून धुऊन टाकतात; मग ह्याचा थेंब आणि रंगाचं औषध घातलं, की आजारी मुलाचा खळगा पिवळा होतो, निरोगी मुलाचा कोरा राहतो.

टोचण्याच्या आधीही सशाचं थोडं रक्त काढून ठेवतात. ते तिनं मला सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आधीच्या रक्तानं रंग येता कामा नये, नंतरच्या रक्तानं यायला हवा. म्हणजे हा ताळाच की! बेरीज केली, आता ताळा करून बघ, हे मी जन्मभर मुलांना सांगत आले.

पण हे काम वाटतं तितकं सरळ नव्हतं. त्या प्रथिनाचा एक जुळा भाऊ प्रत्येकाच्या शरीरात असतो, निरोगी माणसाच्याही. कितीतरी सशांचं रक्त दोघांना सारखंच धरी. मग ठिपकी आली. तपकिरी, उजव्या कानाच्या टोकाला पांढरा ठिपका. तिच्या रक्तानं जुळ्याला हात लावला नाही, नेमका हवा तोच धरला. इस्पितळात त्या दिवसापासून ही तपासणी सुरू झाली. त्याआधी खात्री करायची तर मुलाच्या पाठीतून मूत्रपिंडात जाड सुई घालून तुकडा काढावा लागे.

ठिपकी म्हातारी होऊन गेली. त्या दिवशी धाकटी घरी आली, माझ्यासमोर मटार सोलायला बसली आणि सालं भांड्यात टाकून दाणे कचऱ्यात टाकू लागली. मग म्हणाली, "वहिनी, शीर शोधायला गेले की ती आपणहून कान पुढे करायची."

"माया लागली असेल तिला तुझी."

"माया की सवय, कुणास ठाऊक. पण मला ते बघवायचं नाही. आता माझ्या हातानं दुसऱ्या सशाला सुई नाही टोचायची मी."

तेव्हाच्या साहेबांनी ऐकून घेतलं, कारण ठिपकीच्या रक्तपाण्याच्या इवल्या कुप्यांनी बर्फाच्या कपाटाचा एक कप्पा भरला होता. सशांच्या खोलीत जुन्या खुर्च्या गेल्या. वर्षं गेली. कप्पा हळूहळू रिकामा होत आला.

मग नव्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं धाकटीहून लहान, तिला ताई म्हणतात. त्यांनी कप्पा उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, हे फार दिवस पुरायचं नाही. एक तर पुन्हा ससे आणू, पण त्यातून दुसरी ठिपकी निघेलच असं नाही. नाहीतर नवी रीत आहे, तिच्यात जनावर लागत नाही. शिकाल?"

"शिकते की," धाकटी म्हणाली. तेव्हा तिच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेले होते.

ती नवी रीत तिनं आम्हाला जेवणाच्या टेबलावर समजावली. एक साधं, दणकट, इवलं प्रथिन घ्यायचं. अँटीबॉडीच्या मानानं अगदीच चिमुकलं, पण उकळलं तरी न बिघडणारं. त्याचं अंग तेच ठेवायचं आणि हाताची बोटं तेवढी निरनिराळी करायची. अशी कोट्यवधी बनवायची, प्रत्येकाची बोटं वेगळी. आजाराचं प्रथिन ताटलीच्या खळग्यांत चिकटवून ठेवायचं, त्यावर हा सगळा जमाव ओतायचा आणि धुऊन टाकायचा. ज्याच्या बोटांना ते प्रथिन नेमकं धरता आलं तो राहतो, बाकीचे वाहून जातात. उरलेल्यांची संख्या वाढवायची, पुन्हा ओतायचं, पुन्हा धुवायचं. शेवटी जो उरतो त्याची कृती आपल्याकडे लिहिलेली असते, ती जंतूंना दिली की जंतू तो हवा तितका बनवून देतात. तो म्हातारा होत नाही आणि संपतही नाही.

"म्हणजे माझ्याच शाळेसारखं," दीर म्हणाला. "सगळ्यांना चाकावर बसवायचं, वळणावर जो स्टिअरिंग सोडत नाही तो पास."

"तुमचे तर सगळेच पास होतात."

"दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली असतो ना!"

"आणि यात दूध कशाला?" मी विचारलं.

"अहो, ताटली प्लॅस्टिकची. प्लॅस्टिकला काहीही चिकटतं. म्हणून मोकळ्या राहिलेल्या जागा दुधानं भरून टाकायच्या. मग उगाच कुणी प्लॅस्टिकला धरून बसत नाही."

हे काम वर्षभर चाललं. आणि एका संध्याकाळी आमचं दार धाडकन वाजलं. मी हातातली किसणी टाकून बाहेर धावले, म्हटलं, काय पडलं? धाकटी दारात उभी होती, एक चप्पल पायात, एक जिन्याखाली.

"वहिनी, सापडलं! एकोणचाळीस नंबर! असा पिवळा रंग, असा पिवळा, की ठिपकीचासुद्धा कधी आला नव्हता!"

"आणि ताळा?" मी सवयीनं विचारलं.

"ताळा स्वच्छ! काचेसारखा!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळ्या प्रयोगशाळेला आइस्क्रीम दिलं आणि वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगून टाकलं. एवढंच नाही, हाताशी असावेत म्हणून ज्या सशांची बोलणी चालू होती, ती त्यांनी धाकटीच्या शब्दावर थांबवली. धाकटी त्या आठवड्यात कामं करताना गुणगुणत होती. तिचा गळा बेताचाच आहे, पण कुणी काही म्हटलं नाही.

आता फक्त खऱ्या माणसांच्या नमुन्यांवर बघायचं राहिलं होतं. निरोगी माणूस म्हणून दरवेळी आमचा दीर असतो. तो कधी आजारी पडत नाही, आणि त्याबद्दल त्याला अभिमानही आहे. सकाळी बाटली भरून देताना तो सलाम ठोकतो.

त्या दिवशी ती नेहमीसारखी आवाज न करता आली. वळून पाहिलं तर ओट्याला टेकून उभी. पर्स खांद्यावरच.

"ह्यांचा नमुना पिवळा झाला," ती म्हणाली.

दीर मागून आला. "मला लहान मुलांचा आजार? मला शोभतोच तो." पण तिच्याकडे बघून त्याचं हसू जिरलं. त्यानं तिच्या खांद्यावरची पर्स काढून खुंटीला लावली.

"मग मी नुसतं पाणी घालून बघितलं. पाणीपण पिवळं. जितका आजारी मुलाचा, तितकाच पाण्याचा."

"म्हणजे काय झालं?" मी विचारलं.

"म्हणजे एकोणचाळीस नंबर आजाराला धरतच नाही, वहिनी. तो दुधाला धरतो."

मला आधी कळलंच नाही. तिनं खुर्चीत बसून सावकाश सांगितलं. प्रत्येक फेरीला ताटलीत आजाराचं प्रथिन होतं आणि भोवती दूध. कोट्यवधींमधल्या काहींनी प्रथिन सोडून दूधच घट्ट धरलं. ते धुऊन गेले नाहीत. दर फेरीला तेच वाढत गेले. तपासणीच्या ताटलीतही दूध असतंच, म्हणून तिथं सगळंच पिवळं. हे होऊ शकतं हे त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत असतं. म्हणून एक खळगा नुसत्या दुधाचा ठेवतात, आजाराचं प्रथिन न घालता. तिनं तो ठेवला नव्हता.

"तू म्हणालीस ना, ताळा स्वच्छ आहे?"

"मी सशाचा ताळा घेतला," ती म्हणाली. "टोचण्याआधीचं रक्त. तीस वर्षं तोच घेतला, त्यानं कधी दगा दिला नाही. इथं आधीचं रक्त कुठून आणणार? म्हणून बोटं न बदललेलं मूळ प्रथिन घेतलं. ते बिचारं कशालाच धरत नाही. ना आजाराला, ना दुधाला. ताळा स्वच्छ येणारच."

मला माझ्या वर्गातली मुलं आठवली. उदाहरणाच्या शेवटी 'ताळा बरोबर' असं ठळक लिहिणारी, पण ताळा दुसऱ्याच उदाहरणाचा. त्यांना रागवायचं नसतं. ती आळशी नसतात, उलट त्यांनी एक काम जास्तच केलेलं असतं. पण हे त्या वेळी तिला सांगण्यासारखं नव्हतं. मी तिच्यासमोर चहा ठेवला. तिनं कपाकडे पाहिलं आणि बाजूला सारला.

"दूध नको त्यात."

सकाळी दीर तिला गाडीतून सोडायला गेला. एरवी ती बसनं जाते. डॉक्टरीणबाईंशी काय बोलणं झालं ते तिनं रात्रीच्या जेवणाला सांगितलं, काही न वगळता. त्या म्हणाल्या, "ताई, ससे मी तुमच्या शब्दावर थांबवले."

"हो मॅडम. म्हणूनच आधी तुमच्याकडे आले."

"कागदावर खाली सही माझीपण आहे. नुसत्या दुधाचा खळगा कुठे आहे, हे मीपण विचारलं नाही. तो रंग बघूनच हुरळून गेले." मग त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर ओढलं. "पण आता मला थांबता येणार नाही. ससे सांगावेच लागतील. शाळांच्या सुट्ट्या संपता संपता ते येतील. त्याआधी तुमच्या हाती खरं काही लागलं, तर मी ते परत पाठवीन. नाही लागलं तर सुई तुम्ही नका टोचू, मी दुसरं कुणी बघते. पण खोली उघडावी लागेल."

धाकटीनं दुसऱ्या दिवशी कपाटातला मूळ जमाव पुन्हा बाहेर काढला. आता पहिल्यांदा नुसत्या दुधाच्या ताटलीवर ओतायचा. ज्यांना दुधाची ओढ, ते तिथेच अडकू द्यायचे. जे वाहून जातील ते गोळा करून आजाराच्या प्रथिनावर न्यायचे. एका फेरीला दूध, पुढच्या फेरीला जिलेटिन, म्हणजे कुणालाही एकाच गोष्टीची चटक लागू नये. आणि प्रत्येक ताटलीत नुसत्या दुधाचा खळगा, पाण्याचा खळगा, नवऱ्याचा खळगा.

घरीही तिचं तसंच झालं. गॅस बंद केला की परत येऊन बघायची. कुलूप ओढून बघायची, जिना उतरून पुन्हा चढायची आणि पुन्हा ओढायची. चहा कोराच प्यायची. दीर म्हणायचा, "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आमची ही दूधच सोडून बसली." पण रोज सकाळी बाटली वेळेवर द्यायचा, आणि तिच्यावर चिठ्ठी असायची. एकदा मी वाचली: 'निरोगी. वय झालं, तरी उपयोगी.' ती चिठ्ठी तिनं काढून तिच्या चष्म्याच्या घरात ठेवली होती.

सुट्ट्या सुरू झाल्या. सशांच्या खोलीतल्या खुर्च्या हलवल्या गेल्या. भिंतींना चुना लागला, पिंजरे धुऊन आले. धाकटीचं टेबल त्या खोलीच्या समोरच. ती म्हणायची, "वास तोच येतो हो वहिनी. अजून आत कुणी नाही, तरी तोच."

असं करता करता एक नंबर उरला. रंग फिका, लिंबू पिळलेल्या पाण्यासारखा. पहिल्या खेपेला असा फिका रंग तिनं पाहून सोडून दिला असता. पण दुधाचा खळगा कोरा होता, पाण्याचा कोरा, नवऱ्याचाही कोरा. जुळ्या भावालाही त्यानं धरलं नव्हतं. फक्त आजारी मुलांचे नमुने फिके पिवळे.

"हा खरा आहे," ती मला म्हणाली, "पण पकड हलकी आहे."

"मग काय करायचं?"

"दोन एकमेकांना जोडायचे. एका हातानं धरलेलं सुटतं, दोन हातांनी धरलेलं लवकर सुटत नाही."

जोडून झाले. रंग चढला. डॉक्टरीणबाईंनी ताटली उजेडात धरून पाहिली, प्रत्येक कोरा खळगा बोटानं मोजला. मग म्हणाल्या, "आता शेवटचं. जुनी तपासणी बदलायची, तर दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवावं लागेल. तेच नमुने, एका ओळीत ठिपकी, एका ओळीत हा. कुप्या किती आहेत?"

एकच होती. मधल्या काळात येणाऱ्या मुलांसाठी बाकीच्या लागल्या होत्या.

त्या संध्याकाळी धाकटी माझ्यासमोर बसली. काही सोलायला नव्हतं, म्हणून नुसतीच बसली.

"वहिनी, ती फोडली आणि हा चुकला, तर उद्या येणाऱ्या पोराला काहीच नाही. ससे आले तरी त्यांचं रक्त तयार व्हायला कितीतरी महिने. तोवर पाठीत सुई."

"आणि नाही फोडली तर?"

"तर दोन-चार पोरांचं भागेल. मग तेही संपेल. आणि हा खरा की खोटा ते कधीच कळणार नाही."

मी म्हटलं, "बाई गं, तुझ्या मनात आहे ते तू बोलत नाहीयेस."

"तिचं एवढंच उरलंय हो," ती म्हणाली. "कुपीवर माझ्या अक्षरात नाव आहे. कान पुढे करून दिलेलं आहे ते. एकदा चुकीवर आइस्क्रीम खाऊन झालंय माझं. पुन्हा चुकले, तर तिचं दिलेलं मी फुकट घालवलं असं होईल."

दीर दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला नाही. तिथूनच म्हणाला, "शिकणारा माणूस जन्मभर माझ्या ब्रेकच्या भरवशावर नाही चालवू शकत. एक दिवस त्याला एकट्याला सोडावंच लागतं. मी फुटपाथवर उभा राहतो तेव्हा माझाही पाय आपोआप दाबला जातो."

"मग काय करता?"

"उभा राहतो."

दुसऱ्या दिवशी तिनं कुपी काढली. अशी कुपी हातात धरून वितळवायची नसते, बर्फावर ठेवून हळूहळू वितळू द्यायची असते. धाकटी तिच्याजवळ उभी राहिली. मग दोन ओळी भरल्या, वर ठिपकीची, खाली नव्याची. नमुने डॉक्टरीणबाईंनी निवडले होते, कुठला कुणाचा ते धाकटीला माहीत नव्हतं. फक्त शेवटचे दोन खळगे तिचे स्वतःचे, एक दुधाचा आणि एक पाण्याचा.

मला यातलं काही त्या दिवशी माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात पोळपाट धूत होते. दार वाजलं नाही, जिना वाजला नाही. वळून पाहिलं तर ती ओट्याला टेकून उभी होती. मी एकदम घाबरले. मागच्या खेपेला वाईट बातमी घेऊन ती अशीच उभी होती.

"काय गं?"

"जिथं वर पिवळा, तिथं खाली पिवळा," ती म्हणाली. "जिथं वर कोरा, तिथं खाली कोरा. एका जागी तिचा जरा फिका होता आणि ह्याचा चांगला होता. म्हातारं रक्त ते, किती वर्षं गारठ्यात. आणि शेवटचे दोन्ही कोरे. मी तीनदा पाहिलं. मॅडमनी पाहिलं. शिपायालासुद्धा बोलावून दाखवलं."

मी हात पुसले आणि तिला जवळ घेतलं. ती उंचीनं माझ्या खांद्याला लागते. तिच्या केसांना त्या खोलीच्या चुन्याचा वास येत होता.

"ससे?"

"मॅडमनी माझ्यासमोर फोन केला. येणार नाहीत. दुसरीकडे कुठं जातील, ते माझ्या हातात नाही." मग ती म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, ह्याला नाव द्या, कागदावर लिहायचंय. ठिपकीच ठेवूया का?"

"मग?"

"मी नको म्हटलं. ठिपकी ती ठिपकी. ह्याला कान कुठे आहेत? ह्याचा नंबरच बरा."

दीर आला. तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि काही न विचारता आधण ठेवलं. त्याला चहा फार चांगला करता येत नाही, पत्ती जास्त पडते. तीन कप भरून त्यानं सवयीनं तिचा कोरा कप वेगळा काढला. तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, माझ्यात दूध घाला."

"किती?"

"घाला हो. त्याचा काय दोष, माझ्याच ताळ्याचं चुकलं होतं."

त्यानं कप काठोकाठ भरला, इतका की तिला वाकून पहिला घोट ओट्यावरच घ्यावा लागला. मग ती सरळ झाली आणि सामानाच्या कागदावर काहीतरी लिहू लागली. मी चष्मा लावून पाहिलं. साखर, साबण, तूरडाळ, आणि खाली, दुधाची पावडर, एक जास्तीचं पाकीट.